वाढत्या रानाची निगा आणि रानजीवांचा आसरा

कोंकणांतील शेतकऱ्याच्या जमिनीचे ढोबळ मानानें तीन प्रकार असतात. खालीं पाण्याच्या वाटेवर भाताचीं खाचरें, घराभोंवतीं बागायत, आणि वर डोंगरउतारावर वरकस. खाचरांची बांधबंदिस्ती आपण दर वर्षीं करतों, बागेस खतपाणी घालतों. वरकशीकडे मात्र लांकूडफाटा किंवा गवत आणावयाचें असल्याखेरीज कोणाची पावलें वळत नाहींत. पूर्वीं या उतारांवर आळीपाळीनें नाचणी व वरी होत असे. घरांतील तरणे हात मुंबईस गेले तसे हे उतार पडीत राहिले आणि त्यांवर ऐन, किंजळ, जांभूळ, असाणा, कुंभा यांचें रान आपोआप उभें राहूं लागलें. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत सरकारी राखीव जंगल फार थोडें आहे. डोंगरावर जी हिरवळ दिसते तिचा बहुतेक भाग खासगी मालकीचा, म्हणजे तुमच्याआमच्या सातबाऱ्यावरचाच आहे.

या रानाची आज जी व्यवस्था होते ती अशी. रान मांडीएवढें जाड झालें कीं लांकूडव्यापारी येतो, सबंध डोंगराची एक रक्कम सांगतो, आणि हिस्सेदारांच्या सह्या होतांच एका हंगामांत डोंगर बोडका होतो. मग पुन्हां कांहीं वर्षें त्याकडे कोणी पाहत नाहीं. रान तोडूंच नये असें सांगण्याचा या लेखाचा हेतु नाहीं. लांकूड हें शेतकऱ्याचें पीक आहे व तें काढण्याचा त्यास हक्क आहे. सांगावयाचें तें एवढेंच कीं, सगळें रान एका वेळीं तोडूं नये, आणि जें एकदां गेल्यावर आपल्या हयातींत परत येत नाहीं तें मुळींच तोडूं नये. इतकें पाळलें तर लांकडाचें उत्पन्न बुडत नाहीं व रानावर जगणाऱ्या पशुपक्ष्यांचा आसराही मोडत नाहीं.

एक अनुभव

हें शहाणपण मला पुस्तकांतून आलेलें नाहीं. आमच्या घराण्याची सामाईक वरकस बारा एकर आहे. १९९८ सालीं ती आम्हीं एका व्यापाऱ्यास सबंध दिली. हिस्सेदार तिघे, दोघांस पैशांची निकड, आणि मी मुलकी खात्याच्या नोकरीनिमित्त परगांवीं. संमतिपत्र टपालानें आलें, मीं तें न वाचतांच सही करून परत पाठविलें. दुसऱ्यांचे कागद दिवसभर तपासणाऱ्या माणसानें स्वतःचा कागद वाचूं नये, याची लाज मला आजही वाटते.

त्या कागदांत तोडीची मुदत घातली नव्हती. काम लांबत लांबत चैत्रापर्यंत गेलें. पऱ्याच्या कांठीं एक जुना बेहडा होता, त्याच्या ढोलींत धनेशाची जोडी वर्षानुवर्षें घरटें करीत असे. बेहडा पडला तेव्हां ढोलीचें तोंड लिंपलेलें होतें. आंत मादी होती व दोन पिलें होतीं. त्यानंतर कित्येक दिवस नर चोचींत फळ धरून त्या जागेवर घिरट्या घालीत होता, असें आमच्या काकींनीं मला सांगितलें. तो बेहडा इतर लांकडाबरोबर कोळशाच्या भट्टींत गेला. त्याचे निराळे असे कांहींच पैसे आम्हांस मिळाले नाहींत. पुढें मोकाट गुरें व तीनचार वणवे यांनीं फुटवे दर वर्षीं खुंटविले. शेजाऱ्यांचें रान बारापंधरा वर्षांत तयार झालें. आमचें तोडणीस येण्यास पंचवीस वर्षें लागलीं. सारांश, एका सहीनें पक्षी गेला आणि दहा वर्षांचें उत्पन्नही गेलें.

तोडलेलें रान पुन्हां कसें वाढतें

ऐन, किंजळ, जांभूळ, असाणा, साग इत्यादि झाडांचा बुंधा तोडला तरी मूळ जिवंत राहतें. त्यांत सांठलेल्या अन्नरसाच्या बळावर खुंटाच्या कडेनें नवे कोंभ फुटतात. बियांपासून उगवलेल्या रोपापेक्षां हे फुटवे पहिलीं कांहीं वर्षें फार झपाट्यानें वाढतात, कारण त्यांस मुळांची तयार बैठक मिळालेली असते. परंतु या शक्तीस मर्यादा आहे. खुंट वारंवार व लवकर लवकर तोडला, फुटवे गुरांनीं खाल्ले, वणव्यानें जळले, म्हणजे मूळ थकतें व शेवटीं कुजतें. अशा जागीं मग गवत, रानमोडी व घाणेरी यांचें राज्य होतें.

फुटव्यावर वाढलेल्या रानांत आणखी एक उणीव राहते. जे खुंट आहेत तेच पुन्हां वाढतात, नवीन जातीचीं झाडें थोडीं येतात. तीं आणण्याचें काम पक्षी व प्राणी करतात. उंबर, जांभूळ, भोकर, करवंद यांचीं फळें खाऊन बुलबुल, हरियाल, धनेश, वटवाघूळ व उदमांजर हे जीव बिया दूरवर नेऊन टाकतात. जवळपास एखादी देवराई असेल तर हें काम फार चांगलें होतें, कारण जुन्या झाडांचें बीं तेथें शाबूत असतें. प्रा. माधव गाडगीळ व डॉ. वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतील देवरायांचा अभ्यास करून त्यांचें महत्त्व विद्वानांच्या नजरेस आणलें. आपल्या पूर्वजांनीं देवाच्या नांवानें जें राखलें तेंच आज भोंवतालच्या उजाड डोंगरांचें बियाण्याचें कोठार ठरलें आहे. तेव्हां रानांत पक्षी राखणें हें केवळ भूतदयेचें काम नाहीं. पक्षी म्हणजे पगार न घेणारे माळी होत.

रानजीवांस काय लागतें

रानांतील जीव सगळे एकाच तऱ्हेच्या रानांत राहत नाहींत. तोड झाल्यावर पहिलीं तीनचार वर्षें ऊन भरपूर असतें, गवत व करवंदीच्या जाळ्या माजतात. तेथें ससा, लावे, मुंगूस व लहान पक्षी यांस आडोसा मिळतो. रान पुरुषभर वाढून दाट झालें कीं हे जीव हटतात व दुसरे येतात. शेकरू हा आपल्या राज्याचा मानाचा प्राणी. तो झाडावरून सहसा खालीं उतरत नाहीं. एका झाडावरून दुसऱ्यावर तो वीस फुटांपर्यंत उडी घेतो खरा, परंतु फांद्यांची मांडवी मध्येंच फार तुटली तर त्याचा रस्ता बंद होतो. त्यास उंच व सलग झाडें पाहिजेत.

सर्वांत दुर्मिळ वस्तु म्हणजे ढोली. धनेश, ज्यास ककणेर असेंही म्हणतात, त्यास स्वतः झाड कोरतां येत नाहीं. जुन्या झाडाची फांदी मोडून, ती जागा कुजून जी पोकळी होते तींत मादी शिरते व आंतून आपल्या विष्ठेनें तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट राहते. या कोंडलेल्या अवस्थेंत तिचीं पिसें गळतात, त्यामुळें तिला उडतां येत नाहीं. नर फळें आणून तिला व पिलांना भरवतो. हा काळ साधारणपणें माघ-फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतचा, आणि आपल्या तोडीचा जोरही नेमका त्याच वेळीं असतो. त्या वेळीं झाड पाडणें म्हणजे सबंध कुटुंब मारणें होय.

ढोलींत राहणारा धनेश एकटाच नव्हे. पिंगळा, पोपट, साळुंकी व सातेरी मधमाशी यांसही ढोली लागते. सुतार पक्षी व तांबट हे मऊ पडलेलें लांकूड कोरून स्वतःचें घर करतात व तें सोडून गेल्यावर दुसरे त्यांत येतात. पिंगळा व घुबड उंदीर मारतात, कोतवाल किडे टिपतो, धामण उंदराच्या बिळांत शिरून त्यास खाते. सातेरीचें महत्त्व तर बागायतदारांस सांगावयास नकोच. तिच्या अभ्यासासाठीं व प्रसारासाठीं पुण्यास १९६२ पासून मधमाशी संशोधनाची स्वतंत्र संस्था काम करीत आहे. फुलावर मधमाशी येऊन गेली तर वेलभाज्या व फळझाडें यांची फळधारणा सुधारते, हें आतां सर्वमान्य झालें आहे.

रानाचे भाग पाडावे

वर सांगितलेल्या सर्व जीवांस एकाच रानांत जागा द्यावयाची तर त्या रानांत निरनिराळ्या वयाचे भाग पाहिजेत. याची सोपी रीत म्हणजे रानाचे भाग पाडून ते पाळीपाळीनें तोडणें. वनखात्याच्या भाषेंत अशा भागास कूप म्हणतात. आमच्या बारा एकरांची आंखणी आतां आम्हीं केली आहे ती नमुन्यादाखल देतों.

पऱ्याच्या दोन्ही अंगांची पट्टी व खडकाळ माथा मिळून दोन एकर कायमचे राखले. बाकीच्या दहा एकरांचे दोन दोन एकरांचे पांच भाग केले. दर तीन वर्षांनीं एक भाग तोडावयाचा, म्हणजे प्रत्येक भागाची पाळी पंधरा वर्षांनीं येते. कोणत्याही वेळीं पाहिलें तर एक भाग नुकता तोडलेला, एक तीन वर्षांचा, एक सहा, एक नऊ व एक बारा वर्षांचा असा असेल. ससा व लावे यांस कोवळें रान मिळेल, शेकरूस उंच रान मिळेल, आणि कोणाचेंही घर मोडलें तरी जवळच दुसरें असेल. सलग दोन पाळ्यांत एकमेकांस लागून असलेले भाग तोडूं नयेत. एक सोडून एक घ्यावा. भाग पाडतांना उताराच्या आडवे पाडावे, उभे पाडूं नयेत. उभा पट्टा उघडा पडला तर पावसाचें पाणी माथ्यापासून पायथ्यापर्यंत अडथळ्यावांचून धांवतें व माती खाचरांत आणून टाकतें. प्रत्येक भागाच्या कोपऱ्यांवर दगड रोवून चुना लावावा व नकाशा काढून सर्व हिस्सेदारांच्या सह्यांनिशीं घरीं ठेवावा.

व्यापारी म्हणेल, दोन एकरांसाठीं माणसें व गाडी आणणें परवडत नाहीं. त्याचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. यावर उपाय म्हणजे एकाच रस्त्यावरील चारपांच शेतकऱ्यांनीं मिळून एकाच वर्षीं आपापला एक भाग काढणें. आपल्या संस्थेनें अशा विक्रीची नोंद ठेवून भाव एकत्र ठरविला तर एकट्यादुकट्यास सोसावी लागणारी घासाघीसही वांचेल.

काय राखावें

जो भाग तोडावयाचा त्यांतही पुढील झाडांस हात लावूं नये. तोडीपूर्वीं स्वतः हिंडून त्यांस चुन्याचा पट्टा मारावा व मोजदाद करावी.

१. ढोलीचीं झाडें. ढोली असलेलें प्रत्येक झाड, तें कोणत्याही जातीचें असो. असें झाड आंतून पोकळ असल्यामुळें लांकूड म्हणून त्याची किंमत थोडीच येते.

२. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक, पायर हीं फळांचीं झाडें. हीं सगळीं एकाच वेळीं फळत नाहींत. एक संपतें तों दुसरें पिकतें, म्हणून इतर फळें नसतात त्या दिवसांत पक्ष्यांस व वानरांस यांचाच आधार असतो. उंबराचें फळ फोडलें तर आंत बारीक माशा दिसतात. त्या माशांवांचून उंबरास बीं धरत नाहीं आणि उंबरावांचून त्या माशा जगत नाहींत. यांचें लांकूड हलकें, आणि यांस तोडणें आपल्याकडे पापच मानतात. तेव्हां हीं राखण्यांत तोटा असा नाहींच.

३. पळस, पांगारा व कांटेसावर. माघ-फाल्गुनांत रान सुकलें असतां यांच्या फुलांत मध असतो व पाखरें त्यावर तुटून पडतात.

४. प्रत्येक एकरांत दहाबारा उत्तम, सरळ व निरोगी झाडें, निरनिराळ्या जातींचीं. यांपासून बीं पडेल, आणि यांतलींच कांहीं पुढें जुनीं होऊन ढोलीचीं होतील. आज तरुण झाड राखलें नाहीं तर नातवंडांच्या काळीं जुनें झाड येणार कोठून?

५. एकरीं एकदोन वठलेलीं झाडें, मात्र वाटेवर किंवा घरावर पडण्याचें भय नसेल अशीं. पडलेला एखादा जाड ओंडकाही तसाच कुजूं द्यावा.

६. पऱ्याच्या दोन्ही कांठांस निदान पंचवीसतीस पावलांची पट्टी. येथील सावलीनें ओल टिकते, कांठ धुपत नाहींत, आणि एका भागांतून दुसऱ्या भागांत जाण्यास प्राण्यांस झांकलेली वाट मिळते.

तोडीचा काळ व रीत

तोड दिवाळीनंतर सुरू करून संक्रांतीपर्यंत पुरी करावी. या काळांत झाड स्वस्थ असतें, मुळांत अन्नरस सांठलेला असतो, आणि पक्ष्यांचीं घरटीं बहुधा सुरू झालेलीं नसतात. संक्रांतीनंतर कुऱ्हाड बंद. वाहतूक राहिली असेल तर ती तेवढी चालूं द्यावी.

बुंधा जमिनीपासून वीतभर किंवा त्याहूनही कमी उंचीवर तोडावा. उंच खुंटावर येणारे फुटवे वाऱ्यानें फाटतात. जमिनीलगतच्या फुटव्यांस पुढें स्वतःचीं मुळेंही सुटतात. घाव धारदार कुऱ्हाडीचा किंवा करवतीचा असावा व तोंड एका बाजूस उतरतें ठेवावें, म्हणजे पाणी सांचून खुंट कुजत नाहीं. साल सोलली जाऊं नये. मजूर घाईनें झाड अर्धें तोडून ओढून पाडतात, त्यामुळें साल मुळापर्यंत चिरते. हें प्रथम दिवसापासून निक्षून बंद करावें.

बारीक फांद्या सगळ्या जाळून टाकूं नयेत. कांहींचे ढीग सखल व ओलसर जागीं, खुंटांपासून दूर ठेवावे. त्यांत धामण, मुंगूस, ससे यांस आसरा मिळतो व कालांतरानें त्यांचें खत होतें. रानाच्या कडेस मात्र ढीग ठेवूं नयेत, तेथें वणव्याचें भय असतें.

तोडीनंतरचीं तीन वर्षें

खरें रान येथेंच सुधारतें किंवा बिघडतें. पहिल्या पावसांत प्रत्येक खुंटास फुटव्यांचा झुपका येतो. ते पहिल्या वर्षीं तसेच राहूं द्यावे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षीं हिवाळ्यांत त्यांतील जमिनीलगतचे, सरळ व जोमदार असे दोन किंवा तीन ठेवून बाकीचे विळ्यानें साफ काढावे. मुळाचें सर्व बळ मग त्या दोनतीन खोडांत जातें व लांकूड लवकर भरतें. काढलेला पाला राबास किंवा खतास उपयोगी पडतो. रातांबा, करवंद, तोरण यांचीं झुडपें या विरळणींत छाटूं नयेत.

निदान तीन पावसाळे गुरें व शेळ्या आंत सोडूं नयेत. गवत कापून आणावें व गोठ्यांत घालावें. एका वेळीं दोनच एकर बंद ठेवावयाचे असल्यानें बाकीचें रान चराईस मोकळें राहतें. हाही भाग पाडण्याचा एक फायदाच आहे.

वणव्यासाठीं शिमग्यापूर्वींच कडेनें दहाबारा फूट रुंदीचा पट्टा गवत कापून व पाला झाडून स्वच्छ करावा. पुढील वर्षीं गवत चांगलें येतें या समजुतीनें मुद्दाम आग लावण्याची चाल अजून गेलेली नाहीं. त्या आगींत कोवळे फुटवे, जमिनीवरचीं घरटीं, पडलेलें बीं व कुजलेला पाला हीं सर्व एकदम जातात. शेजाऱ्यांशीं बोलून सामाईक पट्टा काढला तर कष्ट निम्मे होतात.

रानमोडी व घाणेरी हीं अमेरिका खंडांतून आलेलीं तणें उघड्या पडलेल्या जागेवर प्रथम चढतात. पावसाळ्यांत माती मऊ असतां तीं मुळासकट उपटावीं. रानमोडीचें बीं वाऱ्यानें उडतें, सबब ती फुलण्यापूर्वींच, म्हणजे कार्तिकाच्या आधीं काढणें जरूर आहे. दोन वर्षें हा कस घेतला कीं फुटव्यांची सावली पडते व पुढें तण आपोआप दबतें.

जेथें खुंटच उरले नाहींत तेथें लागवड करावी. मात्र ती एकाच जातीची ओळीनें करूं नये. ऑस्ट्रेलियन बाभूळ लवकर वाढते खरी, पण तिचा पाला गुरें खात नाहींत व तिच्याखालीं दुसरें कांहीं फारसें वाढत नाहीं. जवळच्या देवराईच्या बाहेर पडलेलें बेहडा, जांभूळ, रातांबा यांचें बीं वेंचून तें पहिल्या पावसावर टोंचणें हें स्वस्त व खात्रीचें.

राबाचें कवळ

भाताच्या रोपांसाठीं राब भाजण्यास ऐनकिंजळाच्या फांद्या सवळण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. दर वर्षीं शेंड्यापर्यंत सवळलेलें झाड खुरटतें, त्यास फूल येत नाहीं, फळ येत नाहीं व त्यावर घरटेंही होत नाहीं. ज्यांस राब सोडतां येत नाहीं त्यांनीं खालच्या फांद्याच घ्याव्या, शेंडा राखावा व एका झाडाची पाळी तीन वर्षांनीं आणावी. बांधांवर गिरिपुष्पाच्या फांद्या लावल्या तर हिरवळीचें खत घरच्याघरीं मिळतें. गादीवाफ्यावर शेणखत घालून रोपें केलीं तर भाजणीचें कारणच उरत नाहीं.

पिकांस होणारा उपद्रव

येथवर वाचून पुष्कळ वाचक म्हणतील, रान राखावयाचें म्हणजे डुकरें व माकडें पोसावयाचीं. ही तक्रार उडवून लावण्यासारखी नाहीं. भाताचें खाचर एका रात्रींत डुकरांनीं लोळवलेलें मीं पंचनाम्याच्या वेळीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. परंतु डोंगर बोडके झालेल्या गांवांतही डुकरें कमी झालेलीं नाहींत. घाणेरीचीं दाट जाळीं त्यांस दिवसा लपण्यास पुरतात, मोठें रान लागत नाहीं. आणि रानांत उंबर, जांभूळ नसलें म्हणजे माकडें बागेंत येणारच.

म्हणून खाचराला लागून असलेली पंचवीसतीस पावलांची पट्टी झुडपांपासून मोकळी ठेवावी. तेथें गवत राखावें व तें वेळेवर कापावें. लपण्यास जागा नसली कीं जनावर उघड्यावरून येण्यास बिचकतें. पाण्याचा डबका करावयाचा तर तो रानाच्या आंत, शेतापासून दूर करावा. एवढ्यानें उपद्रव अजिबात बंद होईल असें मी म्हणत नाहीं. राखण ही करावीच लागेल. नुकसान झाल्यास विलंब न लावतां वनखात्याच्या कार्यालयांत लेखी अर्ज देऊन पंचनामा करून घ्यावा. फांसे, सुरुंग किंवा वीजतार लावणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं गुन्हा तर आहेच, पण त्यांत माणसें व गुरेंही बळी पडतात.

कायदा व करारनामा

कुऱ्हाड लावण्यापूर्वीं तीन कागद पहावे. पहिला सातबारा: त्यावर १९७५ च्या खासगी वन संपादन कायद्याची नोंद आहे काय? असल्यास आधीं तिचा निकाल लावून घ्यावा. दुसरा परवाना: १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणें ऐन, किंजळ, जांभूळ, खैर, साग, हिरडा, आंबा, फणस वगैरे अनुसूचित झाडें स्वतःच्या जमिनींतलीं असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. कांहीं गांवांत तोडीवर अधिक निर्बंध आहेत, त्यांचीही चौकशी करावी. तिसरा करारनामा, आणि तो मुद्रांकावर लेखी असावा. त्यांत तोडावयाच्या भागाची चतुःसीमा, राखावयाच्या झाडांची संख्या, खुंटाची उंची, संक्रांतीची मुदत, रानांत कोळशाची भट्टी न लावण्याची व मजुरांनीं फांसे न लावण्याची अट, आणि राखलेलें झाड तोडल्यास दर झाडामागें द्यावयाचा दंड, एवढ्या गोष्टी स्पष्ट असाव्या. रक्कम लांकूड उचलण्यापूर्वीं पुरी घ्यावी. आणि सही करण्यापूर्वीं कागद वाचावा.

शेवटची गोष्ट

आमचें रान पुन्हां तोडणीस आलें तेव्हां एका व्यापाऱ्यानें बारा एकरांची एकदम रक्कम सांगितली. मुंबईचे आमचे धाकटे चुलतबंधू मला म्हणाले, “दादा, झाडांनीं कां माझ्या मुलीची फी भरायची आहे?” त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. मीं त्यांच्यापुढें नकाशा ठेवला, पांच भाग दाखविले व म्हटलें, “पहिल्या भागाचा माझा हिस्सा तुम्ही घ्या. तीन वर्षांनीं दुसरा भाग निघेल, मुलीचें शिक्षण तेव्हांही चालूच असेल. सगळें आज विकलें तर तेव्हां काय विकाल?” ते दोन दिवस बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं रानांत माझ्याबरोबर आले व चुन्याचा डबा त्यांनींच हातीं घेतला. पहिला भाग गेल्या मार्गशीर्षांत तोडून झाला. खुंटांस आतां हातभर फुटवे आहेत, आणि पऱ्याच्या कांठीं राखलेल्या एकवीस झाडांपैकीं एकही कमी झालेलें नाहीं.

यंदाच्या उन्हाळ्यांत उंबर पिकला असतां दोन धनेश त्यावर येऊन बसले. चार दिवस फळें खाऊन ते निघून गेले. राहण्यासारखी ढोली आमच्या रानांत नाहीं. आज राखलेल्या बेहड्यांस ढोली पडेपर्यंत आमच्यापैकीं कोणी असणार नाहीं. जें एका सकाळीं पाडलें तें उभें राहावयास दोन पिढ्या लागतात, हा हिशेब ज्यानें त्यानें आपल्या डोंगरावर जाऊन स्वतः करून पहावा, आणि तो करून मगच सहीसाठीं लेखणी उचलावी. ज्या शेतकरी बंधूंनीं आपल्या रानांत असे भाग पाडले असतील त्यांनीं आपला अनुभव, चुकांसह, या मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावा, अशी विनंति आहे.